दवबिंदूला चालेल असं पाणी

सृष्टीत दया नाही, फक्त भूक आहे. आणि ती भूक ज्याच्या घरात मुक्कामाला येते त्याला स्वतःकडे नव्यानं पाहावं लागतं. आमच्याकडे ती दिवाळीनंतर कुरिअरनं आली, ओल्या शेवाळात आणि एका कानडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि मला नव्यानं पाहावं लागलं ते स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरकडे.

खोकं उघडलं तेव्हा आत तपकिरी रंगाचं, भांडी घासायच्या काथ्यातून सुटून आल्यासारखं काहीतरी होतं. बायकोनं चष्मा कपाळावर चढवला आणि नाक त्याच्याजवळ नेलं.

"हेच ते," ती म्हणाली.

"मेलंय."

"झोपलंय. प्रवासात झोपतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"विकणारा."

विकणाऱ्यानं दुसरं काय म्हणावं, हे मी मनातच ठेवलं. मी निवृत्त होईपर्यंत नाशिकमध्ये, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. माप बसलं तर माल पास, नाही बसलं तर बाद. झोपलंय की मेलंय अशा वर्गवारीचा माल आमच्या टेबलावर कधी आला नव्हता.

बायको शाळेत विज्ञान शिकवत होती आणि ते तिचं शेवटचं वर्ष होतं. फेब्रुवारीअखेर ती निवृत्त होणार होती. नोकरीभर तिनं सातवीच्या मुलांना सांगितलं की दवबिंदू नावाची एक वनस्पती असते, तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, कीटक त्यांना पाणी समजून येतो, चिकटतो, आणि मग पान हळूहळू त्याच्याभोवती मिटतं. वर्गात एक तक्ता होता. त्यावर पान होतं आणि पानावर चिमणीएवढी माशी होती. दरवर्षी कोणीतरी विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" आणि ती दरवर्षी खरं तेच सांगायची की नाही, पुस्तकात वाचलंय. आजवरच्या सगळ्या वर्गांनी हे उत्तर निमूटपणे घेतलं. या शेवटच्या वर्गातली एक मुलगी मात्र म्हणाली, "मग खरं कशावरून?"

घरी येऊन तिनं हे मला जेवताना सांगितलं. मी हसलो. ती हसली नाही. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "मीच पाहिलं नाही तर मी कोण सांगणार? रिटायर व्हायच्या आत दाखवते म्हणाले मी त्यांना. पान मिटताना."

खरं तर हे झाड आमच्याच जिल्ह्यात उगवतं, पेठ, सुरगाण्याकडच्या कातळांवर, पावसाळ्यात. आम्ही दोनदा शोधायला गेलो होतो. एकदा धुक्यात कातळ सापडला नाही आणि एकदा सापडला तर त्यावर रिसॉर्ट होतं. शिवाय सापडलं असतं तरी उपटून आणायचं नाही हा तिचा नियम. म्हणून हे विकतचं, परदेशी जातीचं, लांबोळक्या पानांचं, कुंडीत वाढणारं. तक्त्यातलं पान गोल होतं. "पान मिटल्याशी मतलब," ती म्हणाली.

ती शाळेत जायची आणि मी घरी असायचो, त्यामुळे झाडाचं काम माझ्याकडे आलं. काम म्हणजे मुख्यतः काहीही न करणं, असं विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं. माती नको. खत तर अजिबात नको, खतानं मरतं. धुतलेला कोकोपीट, थोडी वाळू, भरपूर उजेड, आणि कुंडीखालच्या ताटलीत कायम पाणी. पण पाणी असं हवं की ज्यात काहीच नाही.

"नळाचं?"

"नको सर. क्षार असतात."

"फिल्टरचं आहे आमच्याकडे."

"मिनरल घालणारा फिल्टर आहे का सर?"

होता. मिनरल घालतो म्हणूनच तो आम्ही जास्त पैसे देऊन घेतला होता.

"बाटलीचं?"

"त्यात पण घालतात सर. चवीला."

पावसाचं पाणी चाललं असतं, पण पाऊस संपून गेला होता. मी गोंधळून बसलो. आयुष्यभर आपण पाण्यात काय आहे याची फुशारकी ऐकतो. ज्यात काहीच नाही असं पाणी कुठं मागायचं? मग दोन दिवसांनी, आंघोळ करताना, कारखान्यातल्या फोर्कलिफ्टची आठवण झाली. तिच्या बॅटरीत आम्ही घालायचो ते.

सातपूरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथला माणूस कॅन काढत म्हणाला, "कोणती बॅटरी आहे काका? इन्व्हर्टरची?"

"बॅटरी नाही. झाड आहे."

त्यानं कॅन परत खाली ठेवला. "झाडाला बॅटरीचं पाणी?"

"दुसरं चालत नाही त्याला."

"मग खत काय, ॲसिड टाकता का?"

"खत नाही. ते किडे खातं."

त्यानं आतल्या माणसाला हाक मारली, "ओ मामा, इकडं या, हे काका बघा काय म्हणतात." मामा आले, ऐकून घेतलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "दे त्यांना. घरचं असेल काही." तेव्हापासून त्या गॅरेजमध्ये मला पाहिलं की न विचारता कॅन पुढे येतो. सोबत कोणीतरी तब्येत विचारतं. झाडाची की माझी, ते अजून कळलेलं नाही.

घरात सगळ्यांत जास्त उजेड जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात. तिथं कुंडी ठेवली आणि वर एक एलईडी दिवा लावला. येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष तिकडेच जायचं. शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या आणि तिथंच थांबल्या.

"हे काय वहिनी, वाळलंय की. दोन थेंब गोमूत्र घाला, बघा कसं फुटतं."

"खत चालत नाही हो त्याला," बायको म्हणाली.

"गोमूत्र म्हणजे काय खत झालं का? बरं, जीवामृत? माझ्या भावाकडे आहे."

"काहीच नाही. किडे खातं ते."

काकूंनी कढीपत्ता पदराखाली धरला. "जिवंत?"

"जिवंत."

"मग एकादशीला काय देता?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. काकू दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "आमच्या गुलाबावर मावा पडलाय बाई मणभर. पंगतीला पाठवून द्या त्याला."

या सगळ्या काळात झाड झोपलेलंच होतं. एक पान काळं पडलं, दुसरं पडलं, आणि मधून एक हिरवं, नेच्यासारखं गुंडाळलेलं काहीतरी वर आलं. मला वाटलं गवत आहे. उपटणार होतो. बायकोनं हात धरला म्हणून वाचलं. ते उलगडलं तेव्हा त्यावर तांबूस केस होते, पण थेंब नव्हते. मी विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला उजेड वाढवा. मग फोन केला, तो म्हणाला उजेड कमी करा, तिकडे हवा कोरडी आहे. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "सर, तुम्ही फार बघता त्याच्याकडे." बघण्यानं कोणत्या मालाचं माप बदलतं हे मला ठाऊक नव्हतं, पण आठवडाभर बघितलं नाही.

मग एका सकाळी चहा ओतताना तिरप्या उन्हात ते चमकलं. प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक थेंब. मी बोट लावलं. पाणी नव्हतंच ते. एकतारी पाकासारखी तार निघाली.

"बोट काढा," बायको मागून म्हणाली. "तुम्ही कीटक आहात का?"

ती बराच वेळ खुर्ची ओढून तिथं बसून राहिली. तिचा चहा निवला. मी म्हटलं, आता एखादं चिलट टाकून बघू या का, मिटतं का ते कळेल. ती म्हणाली, नको. पहिल्यांदा पाहायचं ते वर्गातच, मुलांबरोबर. आणि तोवर याला काही खाऊ द्यायचं नाही, म्हणजे भुकेलं राहील आणि पान लवकर मिटेल. विकणारा म्हणत होता की झाडाला तशी भूक नसते, पण त्याचं कोण ऐकतो. तिनं ताटांवर झाकायची जाळी आणली आणि कुंडीवर पालथी घातली. जन्मभर आम्ही त्या जाळीनं अन्नाचं माश्यांपासून रक्षण केलं होतं. आता आम्ही माश्यांचं रक्षण करत होतो, की झाडाचं, की सातवीच्या धड्याचं, हे मला नीट सांगता येईना.

फेब्रुवारी आला. वर्गात लागतील म्हणून चिलटं जमवायचं काम निघालं. तेही माझ्याकडे. पिंपळगावकडची द्राक्षं बाजारात आलीच होती. त्यातली फुटकी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून गॅलरीत ठेवली. चिलटं आनंदानं आली. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. सगळं बेतानं जमलं होतं. निरोप समारंभाच्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर तिचा शेवटचा तास होता आणि त्या तासाला ती पान मिटताना दाखवणार होती.

बेत मोडला तो कौतुकानं. मुख्याध्यापकांना झाडाबद्दल कळलं आणि त्यांना ते फार आवडलं. हल्ली समारंभाचं उद्घाटन दिवा लावून करत नाहीत. रोपट्याला पाणी घालून करतात, पर्यावरणपूरक म्हणून. पूर्वी यासाठी शाळेत तुळस असायची. "पण बाई," ते फोनवर म्हणाले, आणि बायकोनं फोन स्पीकरवर ठेवला होता म्हणून मीही ऐकलं, "विज्ञानाच्या शिक्षिकेचा निरोप, आणि त्यांचंच रोप व्यासपीठावर! याहून समर्पक काय असणार?"

"सर, त्याला पाणी वरून घालत नाहीत," बायको म्हणाली.

"थोडंच. प्रतीकात्मक."

"आणि साधं चालत नाही."

"साधं कसं असेल? प्रमुख पाहुणे तीर्थ घेऊन येणार आहेत. रामकुंडाचं."

बायकोनं फोन ठेवला आणि म्हणाली, "प्रतीकात्मक म्हणजे काय, चमचाभर." मी म्हटलं, तू स्पष्ट नाही का सांगायचंस? ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी?" पहिल्या दिवशी सांगता येत नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही, तर मधल्या कोणत्या दिवशी सांगतात?

समारंभाला मी पहिल्या रांगेत होतो, मांडीवर चिलटांची बरणी. व्यासपीठावर मधोमध बायको, अंगावर शाल, हातात श्रीफळ. तिच्यापुढे टेबलावर मखमली कापड, कापडावर आमची कुंडी. कुंडीला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मराठीच्या बाईंनी झाडाची ओळख "स्वतः उपाशी राहून जगाला दवाचं सौंदर्य देणारं रोपटं" अशी करून दिली. हे वाक्य दोन्ही बाजूंनी चूक होतं, पण टाळ्या पडल्या.

प्रमुख पाहुणे संस्थेचे कोणीतरी मोठे होते. त्यांनी तांब्याचा कलश उचलला आणि पानांवर धार धरली. चमचा नव्हे, धार. मग फोटोवाला म्हणाला, "सर, एकदा परत, इकडं बघून." ते इकडं बघून परत. मग कलश मुख्याध्यापकांकडे गेला. मग पर्यवेक्षकांकडे. प्रत्येकाचं इकडं बघून परत. पानांवरचे थेंब धुऊन जाताना मला तिथून दिसत होते, म्हणजे दिसत नव्हते, आणि तेच दिसत होतं. बायको सगळं पाहत होती आणि हसत होती, फोटोत हसतात तशी. नारळ तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

मी उभा राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तीर्थ अडवायला उभं राहिलेल्या माणसाचं नाशकात काय होतं याचा मला अनुभव नव्हता. माझं काही ठरायच्या आत सूत्रसंचालिका म्हणाल्या, "बाईंचे यजमान दोन शब्द बोलू इच्छितात," आणि माईक माझ्या हातात आला.

"पाणी पुरे," मी म्हणालो.

मग प्रमुख पाहुण्यांनी स्वतः टाळ्या सुरू केल्या. त्यांच्या भाषणाचा पुढचा सगळा भाग या दोन शब्दांवर होता. आज पाण्याचा थेंब न् थेंब वाचवण्याची गरज असताना एका सामान्य निवृत्त कामगारानं केवढा मोठा संदेश दिला, गोदामाई, येणारा सिंहस्थ, पुढच्या पिढ्या. मी खाली बसलो होतो. चिलटं बरणीत वरखाली करत होती. भाषण संपल्यावर ज्यांचं पाणी घालायचं राहिलं होतं त्यांनी उठून घातलं.

समारंभ इतका लांबला की तिच्या तासाचा उरला शेवटचा तुकडा. आम्ही कुंडी घेऊन वर्गात गेलो. मुलं बाकांवर चढून बसली होती. "मग खरं कशावरून" म्हणणारी कोणती, हे मला न सांगता कळलं. ती पुढच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. मी बरणीचं फडकं सोडलं. सगळी चिलटं एका दमात बाहेर पडली आणि खिडकीतून गेली.

"असू द्या," बायको म्हणाली. तिनं भिंतीवरची एक मुंगी चिमट्यानं अलगद उचलली आणि ओल्या पानावर ठेवली.

वर्ग श्वास रोखून पाहत होता. मुंगी थोडा वेळ थांबली. मग केसांतून वाट काढत पानाच्या टोकापर्यंत गेली, परत फिरली, देठावरून खाली आली, कुंडीच्या कडेवर चढली आणि टेबलावर उतरली. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, मुंगीसाठी. मला वाटतं त्या दिवसातल्या मनापासून वाजवलेल्या टाळ्या त्याच.

"चिकट द्रव धुतला गेलाय," बायको मुलांना म्हणाली. "तो परत येईल. पान मिटतं. मी दाखवीन तुम्हाला."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "पण बाई, तुम्ही तर उद्यापासून येणारच नाही."

घंटा झाली.

रिक्षात माझ्या मांडीवर शाल, नारळ, मानचिन्ह, संस्थेनं दिलेली पेढ्यांची भली मोठी पेटी आणि सगळ्यांत वर कुंडी. सिंहस्थाच्या कामासाठी रस्ते खणलेले, रिक्षा उड्या मारत होती. घरी आल्यावर मी म्हटलं, कुंडी बॅटरीच्या पाण्यानं धुऊन काढतो, क्षार निघून जातील. ती म्हणाली, "काढा." मी म्हटलं, थेंब येतील आठवड्याभरात. ती म्हणाली, "येतील." मग तिनं जाळी उचलली आणि दह्याच्या पातेल्यावर घातली. "आता कशाला ती तिकडे," म्हणाली.

मी सगळा कॅन ओतून कुंडी धुतली. वरून पाणी घालायचं आणि खालून निघू द्यायचं, परत घालायचं. तीर्थ मोरीत गेलं. मी सश्रद्ध माणूस नाही, तरी इकडंतिकडं पाहिलं.

पुढचे काही दिवस अभिनंदनाला माणसं येत होती. नातेवाईक, सोसायटीतले, जुने विद्यार्थी आता बाप्ये झालेले. बायको सगळ्यांना पेढा द्यायची, आणि सगळे पेढा हातात घेऊन त्या कोपऱ्यात जायचे, वाकायचे आणि म्हणायचे, "हेच का ते?" तिच्या आतेभावानं तर अर्धा पेढा तोंडात ठेवूनच झाडाशी संभाषण केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खातंबितं काही नाही वहिनी, तुम्हाला फसवलंय त्यानं." बायको नुसतं हूं म्हणाली. दिवसा ती कपाटं आवरायची. एकदा मी तिला गॅलरीत पुस्तक हातात धरून बसलेली पाहिली. पान उलटत नव्हती. तिला काय सलत होतं ते मला ठाऊक होतं, पण त्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मी चहा केला. साखर जास्त झाली.

थेंब मात्र परत आले, एकेक करून, आधी मधल्या पानांवर. मी तिला सांगितलं. ती आली, पाहिलं, छान म्हणाली आणि गेली.

रविवारी सकाळी मी कुंडीच्या ताटलीत पाणी घालायला गेलो तर एका पानाचं टोक वाकलेलं होतं. मी चष्मा पुसला. वाकलेलंच होतं. टोकाजवळ काहीतरी बारीक, फिकट रंगाचं अडकलं होतं आणि आजूबाजूचे केस त्याच्याकडे झुकले होते, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याकडे सगळ्यांनी वळून बघावं तसे. मी हाक मारली. माझा आवाज चुकीचा लागला असावा, कारण ती हातातली पोळी तव्यावर टाकून धावत आली.

तिनं भिंग घेतलं. बघितलं. भिंग खाली ठेवलं आणि फोन उचलला. वर्गाच्या ग्रुपमधून तिला अजून कोणी काढलं नव्हतं. "पान मिटतंय. जमेल त्यांनी आत्ता घरी या," एवढंच लिहिलं. पोळी करपल्याचा वास येत होता.

मुलं आली. कोणी सायकलवर, कोणी वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून. ते वडीलही वर आले. जेवणाच्या टेबलाभोवती चपलांच्या राशीसकट अर्धा वर्ग जमला. घडी घालणारी मुलगी शेवटी आली, धापा टाकत, आणि सगळ्यांनी तिला न सांगता पुढे जागा दिली.

आता प्रश्न असा की पान मिटताना दिसत नाही. घड्याळाचा तासकाटा दिसत नाही तसंच. पाच मिनिटं सगळे टक लावून होते आणि एक मुलगा म्हणाला, "बाई, हे हँग झालंय." मग बायकोनं एक सुई कुंडीत खोचली, पानाच्या टोकाच्या अगदी रेषेत. "आता पोहे खा," म्हणाली. "आणि मग सुईकडे बघा."

मी पोहे केले, कारण ती टेबलापासून हलेना. पोहे होऊन, खाऊन, ताटल्या गोळा होईपर्यंत पानाचं टोक सुईला सोडून आत आलं होतं. कोणी ओरडलं नाही. "सरकलंय," घडी घालणारी मुलगी अगदी हळू म्हणाली, वाचनालयात बोलतात तशी. चहा झाला. टोक अजून आत आलं. दुपारी शेवटची मुलं निघाली तेव्हा पान मुठीसारखं वळलं होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती मुलांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती पानाकडे बघत होती आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं, तक्त्यासमोर पहिल्यांदा बसलेल्या सातवीतल्या मुलीसारखं.

"बाई, काय खातंय ते?" जाताना मुलीनं विचारलं.

"मला नाही दिसलं नीट. चिलट असावं."

"असावं म्हणजे?"

बायको हसली. कितीतरी दिवसांनी. "बरोबर. पान उघडलं की सांगते. कीटकाचं कवच पचत नाही, ते तसंच राहतं. तेव्हा कळेल."

नंतरचा आठवडा आम्ही दोघं त्या मुठीवर लक्ष ठेवून होतो. मी तिला एकदा म्हटलं की मला त्यात पाय दिसले नव्हते, पंखही नाहीत. ती म्हणाली, मलाही नाही. सोसायटीत बातमी पसरली होती. शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, "झालं का जेवण त्याचं?" आणि आत यायच्या नाहीत. मुख्याध्यापकांचा अभिनंदनाचा फोन आला. तीर्थाचा गुण, ते म्हणाले.

पान पुढच्या सोमवारी उघडलं. कडा थोड्या काळ्या पडल्या होत्या. बायकोनं भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि भिंग मला दिलं. कवच नव्हतं. मी पाहिलं, परत पाहिलं, मग तिनं चिमट्यानं ते उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि आम्ही दोघांनी वाकून वास घेतला.

"खव्यात प्रथिनं असतात," ती अखेर म्हणाली.

तिनं फोटो काढला. मला वाटलं, पाठवणार नाही; मुलांनी जे पाहायचं ते पाहिलं होतं. पण तिनं तो ग्रुपवर टाकला आणि त्याखाली, वहीत लिहायला सांगायची तसं, लिहिलं: भक्ष्य – पेढा. शिल्लक – वेलदोड्याचा दाणा, एक.